शहारे मॅडम आणि बिनआवाजाची गाडी

शहारे मॅडमच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा सापडला नसता, पण पेचकस हमखास असायचा.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच आठवड्यात स्टाफरूमचा पंखा बंद पडला. शिपाई म्हणाला, गोंदियाहून मिस्त्री बोलवावा लागेल, चार दिवस जातील. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या एक ठेंगण्या, सावळ्या बाई उठल्या. टेबलावर स्टूल ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि वर चढल्या. मी घाबरून स्टूल धरलं, तर वरूनच म्हणाल्या, "तुम्ही नवे सर ना? स्टूल धरून काय होतं? मेन स्विच बंद आहे का ते बघा आधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून कंडेन्सर आणून बसवला. पंखा फिरायला लागला. कुणी कौतुक केलं नाही, कारण ते नेहमीचंच होतं. पुढे मला त्यांच्याच गल्लीत, समोरासमोर खोली मिळाली, आणि मग मॅडम मला शाळेपेक्षा अंगणातच जास्त दिसू लागल्या. कधी कुकरची शिट्टी उघडून बसलेल्या, कधी शेजारच्यांची इस्त्री, कधी कुणाची बंद पडलेली घड्याळं. दांडीत मोडलेली छत्री त्यांनी इतक्या वेळा जोडली होती, की मूळ छत्रीतलं नेमकं काय उरलंय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "नवीन घ्या ना" असं कुणी म्हटलं की त्यांना खरोखर राग यायचा. "काऊन? आतून उघडून पाहिली का तुमी?" एरवी त्या पुस्तकी मराठीत बोलायच्या. पण राग आला की सरळ झाडीबोलीत उतरायच्या. वर्गातली पोरं तर "काऊन रे" एवढं ऐकलं की बाकाखाली शिरायची.

त्या विज्ञान शिकवायच्या. वीज हा धडा आला की पोरांना घरून बंद पडलेल्या बॅटऱ्या, टॉर्च, खेळणी आणायला सांगायच्या आणि सगळी टेबलावर उघडायला लावायच्या. "माणसानं बनवलंय ना? मग माणसाला उघडता आलं पाहिजे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. त्यांचा धर्मच होता तो, म्हणा.

त्यांचे यजमान सगळ्या गल्लीचे भाऊ. उभा जन्म एसटीत ड्रायव्हर. जंगलपट्टीतल्या मुक्कामी गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं चालवल्या. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, आणि बायकोला "मास्तरीन" म्हणून हाक मारायचा. मॅडम त्यांना कुठल्याच नावानं हाक मारायच्या नाहीत. नुसतं "अहो" म्हटलं की भाऊंना पुढचं कळायचं. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही बोलत नसत. साखरेनं भाऊंची मूत्रपिंडं गेली आणि निवृत्तीच्या थोडं आधीच आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस सुरू झालं.

जाताना ते एसटीनं नीट जायचे. येतानाचे हाल असायचे. यंत्रावरून उठलेल्या माणसात काही शिल्लक नसतं. प्रत्येक खड्ड्याला उमासा यायचा, पाय वळायचे. एकदा ते सीटवरच घसरले. ओळखीच्या कंडक्टरनं डोकं मांडीवर घेतलं आणि गोरेगाव येईपर्यंत तिकिटं फाडली नाहीत. त्या दिवशी मॅडमनी ठरवलं, गाडी घ्यायची. आणि घ्यायची तर विजेचीच.

स्टाफरूममध्ये मोठी चर्चा झाली. मॅडम उठून फळ्यापाशी गेल्या. एका बाजूला पेट्रोलची गाडी काढली, दुसऱ्या बाजूला विजेची. "इकडे बघा. इंजिन नाही, क्लच नाही, गिअर नाही, ऑइल नाही. हादरा नाही. यात बिघडायला आहेच काय?"

"बॅटरी गेली तर?" आमच्या गणिताच्या सरांनी विचारलं.

"आठ वर्षांची वॉरंटी आहे." मग खडू खाली ठेवता ठेवता, जरा हळू आवाजात, "आठ वर्षं पुष्कळ झाली, सर."

मॅडम गाडीच्या वर्षांबद्दल बोलत नव्हत्या, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. 

भाऊंच्या फंडाच्या पैशातून गाडी आली. पांढरी, लहानशी. भाऊंना लांब चालवण्याची ताकद उरली नव्हती, म्हणून पन्नाशी उलटलेल्या मॅडम गाडी शिकल्या. शिकवणारे अर्थात भाऊच. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात हा कार्यक्रम चालायचा, आणि मागच्या सीटवर मी.

"ब्रेक मार."

"मारला."

"मंग चालू काऊन नाई करून राहिली?"

"चालूच आहे. उभी आहे फक्त."

भाऊंनी डॅशबोर्डवर कान टेकवला. मग माझ्याकडे वळले. "सर, जिंदगीभर गाडी चालवली, पन ही भानगड मले समजून नाई राहिली. आवाज नाई, थरथर नाई, आनि मास्तरीन म्हनते चालू हाये. ड्रायव्हरनं भरोसा कशावर ठेवाचा?"

"त्या हिरव्या दिव्यावर," मॅडम म्हणाल्या.

मॅडम शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. पण भाऊंचा उजवा पाय शेवटपर्यंत बाजूच्या सीटवरून ब्रेक मारत राहिला. तिथल्या पायपुसण्याला त्या जागी भोक पडलं. मॅडमनी ते ठिगळ लावून शिवलं.

पहिली तीन वर्षं गाडीनं कुरकुर म्हणून केली नाही. रात्री पोर्चमध्ये तार लावायची, सकाळी निघायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र कसरत व्हायची. आवाजच नसल्यामुळे रस्त्यात बसलेल्या भाजीवाल्या हलत नसत, आणि हॉर्न वाजवला की दचकून शिव्या घालत. पण भाऊ डायलिसिसवरून मागे रेलून, झोपत घरी येऊ लागले. एकदा गाडीतून उतरताना मला म्हणाले, "सर, आज मी सपनात पानी पेलो. तांब्याभर." त्यांना पाणी मोजून मिळायचं. मॅडम दार धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरचं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्याच सुमारास, धान कापून झाल्यावर, भाऊंना चिचगड आठवायला लागलं. त्यांची सगळ्यात आवडती मुक्कामी गाडी तिथली. देवरीच्या पुढचं जंगल, थंडीत गाडीखाली येऊन झोपणारी कुत्री, पहाटे मोहाच्या पानाच्या द्रोणात पोहे देणारा हॉटेलवाला, असं काय काय ते सांगत बसायचे. "एक डाव जाऊन येऊ" म्हणाले. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं, रस्त्यात चार्जिंग कुठे आहे ते पाहिलं, आणि एका रविवारी आम्ही तिघं निघालो. देवरीला हायवेवर गाडी चार्ज केली. जंगल लागलं तसे भाऊ सरळ होऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "मास्तरीन, थांबव. आता मी."

मॅडमनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली.

भाऊंनी स्टिअरिंग धरलं आणि त्यांचे हात बदलले. दुसरा शब्द मला सुचत नाही. सुया टोचून काळेनिळे झालेले हात, पण ते कसे अलगद फिरत होते! सागाची झाडं दोन्ही बाजूंनी मागे चालली होती आणि गाडीत नुसता चाकांचा सरसर आवाज. "पहिल्यांदा आयकून राहिलो मी हे जंगल," भाऊ म्हणाले. "यष्टीत इंजनापायी कधी पाखराचा आवाजच नाई आयकला."

एका फुटलेल्या मोरीवर गाडीला खालून ठक्क करून दगड लागला.

"काय झालं?" मॅडम दचकल्या.

"काई नाई. गोटा होता. यष्टीले असे रोज लागत."

मॅडमनी उतरून वाकून पाहिलं. काही दिसलं नाही. गाडी चालत होती, दिवा हिरवा होता. चिचगडला पोहोचलो तर तो हॉटेलवाला म्हातारा होऊन गल्ल्यावर बसलेला. भाऊंना पाहून उठून बाहेरच आला. "डायवर साहेब! जित्ते हात का अजून?" दोघं एकमेकांचे हात धरून नुसते हसत राहिले. चहा भाऊंना चालणारा नव्हता. दोन घोट मॅडमनी घेऊ दिले. परत येताना भाऊ झोपले होते. मॅडम गाडी चालवताना हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना गाताना मी तेव्हाच ऐकलं.

पुढचा पावसाळा गेला. गाडी एका चार्जमध्ये जेवढी जायची, त्यापेक्षा थोडी कमी जाऊ लागली. मॅडम म्हणाल्या, उन्हाळा कडक गेला, बॅटरी थोडी उतरणारच. मग आणखी कमी. मग गोंदियाहून परतताना त्या एसी बंद ठेवू लागल्या आणि भाऊंच्या कपाळावर ओला रुमाल. गोंदियाच्या शोरूमवाल्यांनी कॉम्प्युटर लावून पाहिला आणि म्हणाले, नजर ठेवा. कशावर नजर ठेवायची ते सांगितलं नाही.

दसऱ्यानंतरच्या भर उन्हात, डायलिसिसवरून येताना, गाडी रस्त्यात बंद पडली. काही खडखडली नाही, धूर नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि गाडी थांबली. मॅडमनी नंतर मला सांगितलं, "त्या पडद्यावर लिहून आलं, सेवा केंद्राशी संपर्क साधा. बस. एवढंच." दोन्ही बाजूंना पिकत आलेलं धान, सावलीला बाभळीशिवाय काही नाही. मॅडमनी बॉनेट उघडलं. पर्समधला पेचकस हातात होता. आत सगळी बंद झाकणं, जाड नारिंगी तारा, आणि धोक्याची खूण. पेचकस लावायला जागाच नव्हती. तेवढ्यात गोंदियाहून येणारी एसटी आली. ड्रायव्हरनं भाऊंना ओळखलं, थांबा नसलेल्या जागी गाडी थांबवली. लोकांनी भाऊंना उचलून आत नेलं. भाऊ खिडकीतून मागे, त्या पांढऱ्या गाडीकडे बघत राहिले, असं मॅडम म्हणाल्या.

गाडी ट्रकवर चढवून नागपूरला गेली. बऱ्याच दिवसांनी बोलावणं आलं, तेव्हा मॅडमसोबत मीही गेलो. काचेचं ऑफिस, थंड हवा, टाय लावलेला एक सभ्य तरुण. त्यानं आम्हाला पाणी दिलं आणि मोबाईलवर फोटो दाखवला. गाडीच्या पोटाखालची बॅटरीची पेटी. एका कोपऱ्यात पोचा आलेला, आणि पोच्याच्या कडेला बारीकशी चीर.

"इथून पावसाचं पाणी आत गेलंय, मॅडम. बाहेरून मार लागला तर वॉरंटीत बसत नाही."

"विमा?"

"विमा कंपनी विचारते, तेव्हाच का नाही कळवलं. त्यांनी नाकारलंय."

मॅडम बराच वेळ फोटो बघत होत्या. मग म्हणाल्या, "आत पुष्कळ सेल असतात ना? पाणी कोपऱ्यात गेलं, तर तेवढेच खराब झाले असतील. तेवढे बदला."

"आम्ही पेटी उघडत नाही, मॅडम. पूर्ण बदलतो."

"कोण उघडतं?"

"कोणीच नाही."

"बनवली तेव्हा कोणीतरी उघडीच पाहिली असेल की!"

तरुण ओशाळून हसला. नव्या पेटीची किंमत त्यानं कागदावर लिहून पुढे सरकवली. ती नव्या गाडीच्या निम्म्याहून जास्त होती, आणि पेटी कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मॅडमनी कागद घडी घालून परत त्याच्याच पुढ्यात ठेवला.

परतीच्या प्रवासात त्या खिडकीबाहेर बघत होत्या. भंडारा मागे पडल्यावर म्हणाल्या, "सर, चिचगडचा तो दगड. ह्यांना सांगू नका." मी मान हलवली. दुसरं करण्यासारखं काय होतं!

तरी त्यांनी हार मानली नाही. गाडी परत आणून गोंदियाच्या इकबालभाईंकडे नेली. इकबालभाई म्हणजे जिल्ह्यातल्या कुठल्याही मोटारीला हात लावणारा माणूस. ते गाडीखाली झोपून बराच वेळ आत होते. बाहेर आले, हात पुसले, खाली मान घालून म्हणाले, "मैडम, आप टीचर हो, आपको झूठ नहीं बोलूंगा. खोल तो दूं. पर अंदर इतना करंट है कि हाथ फिसला तो मैं गया. और बंद करने के बाद आग लगी तो आप गए. मेरे से नहीं होगा."

मॅडम तिथे उभ्या उभ्या रडल्या. मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होतो. इकबालभाई गडबडून स्वतःची खुर्ची पुसू लागले.

गाडी पोर्चमध्ये आली आणि तिथेच राहिली. भाऊ पुन्हा एसटीनं, कधी भाड्याच्या गाडीनं जाऊ लागले. पाठीचा कणा खिळखिळा व्हायचा, येऊन दोन दिवस पडून राहायचे, की पुन्हा जायची वेळ. नजरेसमोर ते खंगत गेले. मॅडमनी रजा काढल्या, मग बिनपगारी रजा काढल्या. एकदा अंगणात मला म्हणाल्या, "गल्लीतून ट्रॅक्टर गेला तरी ह्यांना त्याचा आवाज बिघडलेला कळतो. इतकी वर्षं दिसेल त्या गाडीची चौकशी केली ह्यांनी. आपल्या गाडीला काय झालं, हे मात्र एकदाही विचारत नाहीत. म्हणजे माहीत आहे त्यांना, सर."

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी मी भाड्याची गाडी घेऊन दारात गेलो, तर भाऊ खाटेवरून उठेनात. मॅडम शर्ट हातात घेऊन उभ्या.

"उठा ना हो. उशीर होतो."

"आज नाई."

"काल पण नाही म्हटलं. परवा पण. डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना?"

"कायले जाऊ, वंदना?" नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "तू मले धरून धरून अर्धी झाली. आता राहू दे."

"मी काही थकली नाही."

"मी थकलो," भाऊ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मॅडमनी शर्ट खुंटीला अडकवला. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "गाडी परत पाठवा." त्या आठवड्यातच भाऊ गेले. बुद्धवंदना झाली, त्रिसरण झालं. एसटीतले जुने लोक खाकी कपड्यांत आले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच दमलेलं होतं, असंही फार दिवस नव्हते. मॅडमनी ते ऐकून घेतलं. त्यांचा त्यावर विश्वास बसला की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर मॅडमनी दुरुस्त्या सोडल्या. जाहीर वगैरे काही केलं नाही. शेजारीण मिक्सर घेऊन आली, तर म्हणाल्या, "नवीन घ्या बाई." शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. शाळेत त्या वीज हा धडा पुस्तकातून वाचून दाखवू लागल्या. पोरांनी टॉर्च आणले होते. ते दप्तरातच राहिले.

पोर्चमधली गाडी त्यांना डोळ्यांसमोर नको होती. पण ती घेणार कोण? भंगारवाला बाहेरूनच परत गेला. शेवटी नागपूरचा एक सुटे भाग विकणारा आला. दारं, काचा, सीटा, चाकं, मोटर सगळं घेतो म्हणाला. बॅटरी मात्र नको. फुटकी बॅटरी ट्रकवर चढवायला त्याचा ड्रायव्हर तयार नव्हता. त्याच्या माणसांनी जॅक लावून पेटी खालून सोडवली, अंगणात लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवली, आणि गाडी घेऊन गेले.

ती पेटी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. खाटेएवढी लांबरुंद, काळपट, चपटी. चार माणसांना उचलत नाही एवढी जड. मॅडमनी नगरपंचायतीत विचारलं, मग तहसीलला, मग जिल्ह्याला. कुणाकडेच तिची जागा नव्हती. ज्यांनी विकली त्यांना फोन केला, तर नोंद घेतली आहे म्हणाले. मॅडम निवृत्त झाल्या तरी नोंदच होती.

आता त्यांचा दिवस त्या पेटीभोवतीच जायचा. गल्लीतली पोरं चेंडू आणायला अंगणात शिरली की त्या आतून धावत यायच्या. "तिकडं नको जाऊ रे! करंट हाये त्यात!" दारात कुणी आलेलं त्यांना आवडेनासं झालं. बहीण बोलवायची, पण त्या घर सोडून जाईनात. "मी गेले आणि पाणी शिरून पेटली तर? शेजारी लेकराबाळांचे आहेत, सर." उकडलं तरी त्या अंगणात झोपत नसत, आणि आत झोपल्या तरी झोप नसे.

माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो. चहा त्यांनी केला, पण साखर घालायला विसरल्या, आणि मीही बोललो नाही.  मग त्यांनी अंगणाकडे बोट करून, अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "हे कुणाला द्यायचं हो, सर?"



दुसऱ्या दिवशी दुपारी मी सामान घेऊन एसटीत बसलो. आमच्या गल्लीच्या तोंडावरून गाडी वळते, तिथून त्यांचं अंगण दिसतं. आभाळ भरून आलं होतं आणि वारा सुटला होता. मॅडम त्या पेटीवर निळी ताडपत्री घालत होत्या. एक टोक दाबलं की दुसरं उडत होतं. त्या वाकून वीट ठेवत होत्या, पुन्हा पलीकडे धावत होत्या, पुन्हा इकडे. शेवटी त्या ताडपत्रीच्या एका टोकावर स्वतःच बसल्या, दोन्ही हातांनी दुसरं टोक ओढून धरलं, आणि तशाच बसून राहिल्या. गाडी वळली.